सात ते नऊ

एकट्या राहणाऱ्या बाईला विचारायचे आमच्या गल्लीत दोनच प्रश्न आहेत. पहिला, "जेवलीस काय?" आणि दुसरा, "एकटीच काय करूलालीस गं घरात?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला मी आजवर "काय न्हाई, बसलोय" असं सांगत आले आणि विचारणारी प्रत्येक बाई "बिच्चारी" अशा नजरेनं बघत पुढं गेली. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं मी संध्याकाळी काय करते ते.

मी बेळगावात शहापूर भागात राहते. घर अण्णांच्या वेळचं, कौलारू. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परसू, सगळं एका ओळीत. आई-अण्णा गेले, दादा पुण्याला, आणि माझं लग्न झालेलं नाही. हे शेवटचं वाक्य कुणी विचारायच्या आधी सांगून टाकलेलं बरं असतं, नाहीतर समोरच्याचं लक्ष पुढच्या गोष्टींत लागत नाही.

नोकरी पतसंस्थेत, कॅशला. दिवसभर माणसं माझ्याशी पैशाबद्दल बोलतात. कर्जाबद्दल बोलताना हळू, ठेवीबद्दल बोलताना आख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं. येळ्ळूरचे शेतकरी मराठीत, विणकर बहुतेक कन्नडमध्ये, मार्केटातले व्यापारी हिंदीत, आणि गोव्याला भाजी पाठवणारे एक-दोघे कोकणी मिसळून. आपल्याला कळत नाही, पण दर पाच मिनिटांनी जीभ वळवायची म्हणजे तेही एक कष्टाचंच काम आहे. संध्याकाळी पिग्मीवाले पोरं गोळा केलेली रक्कम घेऊन येतात, ती मोजून घ्यायची, गल्ला जुळवायचा, सही करायची. घरी पोचेपर्यंत साडेसहा होतात. हात दोनदा साबणानं धुते, कारण नोटांचा वास एकदा धुऊन जात नाही. आणि मग सात ते नऊ मी कुणाशीही, कुठल्याही भाषेत, एक अक्षर बोलत नाही. कुणी नवस केलाय का विचारलं तर हो म्हणून सांगते, तेवढ्यानं विषय मिटतो.

आता कुणाला वाटेल, कौलारू घर, थंड हवेचं गाव, शांतता आयतीच मिळत असेल. बेळगावला पूर्वी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, ते हवेपुरतं खरं असेल. पण हे काही गप्प बसणारं गाव नव्हे. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक निघते ती रात्र संपवूनच थांबते. गणपती विसर्जनाला तर दुसरा दिवस उजाडतो. १ नोव्हेंबरला सकाळी मराठी माणसांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, आणि त्याच दिवशी दुसरीकडं कर्नाटक राज्योत्सवाचा डीजे, चन्नम्मा चौकापासून घुमत येणारा. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सायरनच्या गाड्या. मला मिरवणुकांचा राग नाही बरं का. चित्ररथ बघायला मी दरवर्षी जाते, पोरांनी उभे केलेले मावळे दोन-दोन तास पापणी न हलवता कसे उभे राहतात याचं मला अजून कौतुक आहे. पण बाहेरून आलं की दार लावून घेता आलं पाहिजे.

आणि या सगळ्याच्या खाली रोजचा आवाज म्हणजे मागांचा. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. आमच्या मागच्या गल्लीत घराघरांत पॉवरलूम आहेत. खटाक-खटाक, खटाक-खटाक, सकाळपासून रात्रीपर्यंत. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना झोप येत नाही. दादाची मुलगी लहान असताना विचारायची, आत्या, तुमच्या गल्लीत रोज आगगाडी कुठं जाते? आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. बंद पडला तरच ऐकू येतो.

आणि तो बंद पडतो लाईट गेली की.

लाईट जाणं ही माझ्या संध्याकाळची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. हे मी शेजारी बोलून दाखवत नाही, कारण मागवाल्याचा तेवढ्या वेळाचा पगार बुडतो आणि माझी मजा होते, हे काही बरं दिसत नाही. पण खरं तेच आहे. एका क्षणात सगळ्या गल्लीतले माग थांबतात. टीव्ही थांबतात, मिक्सर थांबतो, समोरच्या घराची मोटार थांबते. मग एकेक बारीक आवाज वर यायला लागतो. भिंतीवरचं घड्याळ. तुळईवरची पाल. तिसऱ्या घरातल्या कुकरची शिट्टी, आणि कुणीतरी "शिट्ट्या मोज गं" म्हणून ओरडतं ते. पावसाळ्यात कौलांवरून परसातल्या पत्र्यावर पडणारी पागोळी. लाईट परत येते तेव्हा मात्र माग सगळे एकदम सुरू होत नाहीत. प्रत्येक माग माणसानं जाऊन चालू करावा लागतो. आधी एक, मग लांबचा दुसरा, मग दोन एकदम, असं करत पाचेक मिनिटांत गल्ली परत भरते. कुठला माग कुणाचा हे मला आता आवाजावरून सांगता येतं. शेजारच्या अक्कांच्या मालकांचा माग जरा अडखळून सुरू होतो.

लाईट जाण्याचा दुसरा फायदा रेडिओला. अण्णांचा रेडिओ अजून चालू आहे, दोन बँडचा, सेलवर चालणारा. त्यावर मी मीडियम वेव्ह लावते. धारवाड ७६५ वर, सांगली १२५१ वर. हे आकडे मला पाठ आहेत ते अण्णांमुळं. काट्याच्या जागी त्यांनी काचेवर निळ्या शाईनं बारीक खुणा करून ठेवल्यात, त्या अजून पुसल्या नाहीत. अण्णा म्हणायचे, सूर्य मावळला की लांबची स्टेशनं जवळ येतात. मला लहानपणी ती गंमत वाटायची. पुढं वाचनात आलं की ते अगदी शास्त्राला धरून आहे. दिवसा उन्हामुळं वातावरणात वरती एक थर तयार होतो, तो मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो, मग लहरी आणखी वर जाऊन तिथल्या थरावरून परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटर लांब पोचतात. म्हणून दिवसा जिथं नुसती खरखर असते तिथं रात्री कुठलंतरी तमिळ नाहीतर तेलुगू स्टेशन सापडतं. भाषा कळत नाही. बातम्या चालल्यात एवढं आवाजावरून कळतं, आणि कुणी आपल्याला त्यावर मत विचारणार नाही हेही माहीत असतं.

आजकाल या रेडिओचा मोठा शत्रू म्हणजे एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर. घरातला बल्ब लावला की धारवाडवर किर्र आवाज सुरू. माझा बल्ब मी बंद करीन, शेजाऱ्यांचा कसा करू? पण लाईट गेली की गल्लीभरचा तो सगळा कचरा एकदम नाहीसा होतो आणि स्टेशन इतकं स्वच्छ लागतं की निवेदक श्वास घेतो तेही कळतं. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे तेवढे सोडून. त्यांच्याबद्दल माझं मत काही चांगलं नाही.

धारवाड केंद्र १९५० सालापासून आहे, इथून ऐंशीएक किलोमीटर. मल्लिकार्जुन मन्सूर तिथं संगीत सल्लागार होते. आईला कन्नड कामापुरतंच यायचं, भाजीवालीशी भांडण्याएवढं. पण मन्सूरांनी गायलेली कन्नड भक्तिवचनं लागली की ती हातातलं काम ठेवून ऐकायची. अर्थ विचारला तर म्हणायची, "देवाचंच असणार की, दुसरं काय." आमच्या या पट्ट्यात हे बरं आहे. कुमार गंधर्व इथून जवळच्या सुळेभावीचे, गंगूबाई हुबळीच्या, भीमसेन गदगचे. सीमा कुणाची, पाट्या कुठल्या, यावर दिवसभर ज्यांचं तोंड थांबत नाही ते लोकही रात्री यमन लागला की कुणाचा म्हणून विचारत नाहीत. सुदैवानं मला त्या वादात रात्री कुणी ओढत नाही. दिवसा काउंटरवर पुरेसं होतं.

रेडिओ ऐकताना हात मोकळे असतात. हातांना काम वाकळेचं.

आईच्या साड्यांचं काय करायचं हा प्रश्न ती गेल्यावर आला. चांगल्या चार वहिनीनं नेल्या. उरल्या त्या रोजच्या, सुती, शहापुरी, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. बोहारणीला द्यायला मन होईना. मग त्यांच्या वाकळा शिवायला घेतल्या. आईचं माहेर खानापूर तालुक्यातलं. त्या बाजूच्या जंगलातल्या गावांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांच्या बायका वाकळा शिवतात, कवंदी म्हणतात त्याला. बायका कवंदीच्या कडेपासून सुरुवात करतात आणि फेऱ्या मारत मारत आत मध्यापर्यंत येतात. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी तुकडे दुमडून लावतात, ती फुलं. फुलं नसली तर कवंदी उघडी दिसते म्हणतात. आईनं लहानपणी ते शेजारी बसून बघितलेलं होतं आणि ती तशीच शिवायची, कडेपासून आत. मीही तशीच शिवते. बाजारातल्या गोधड्या सरळ रेघांत शिवलेल्या असतात, त्या मला शाळेच्या वहीगत वाटतात.

पद्धत सांगते. सोप्यात जमीन पुसून कोरडी करायची. खाली एक साडी दुहेरी अंथरायची, तिच्या चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या, अडकित्ता, जे जड मिळेल ते ठेवायचं. त्यावर फाटक्या साड्यांचे थर, जिथं फाटलंय तिथं तुकडा. सगळ्यात वर चांगली बाजू. मग गुडघ्यावर बसून हातानं मधून कडेकडं सुरकुत्या काढत न्यायच्या. हे काम घाईत केलं तर शेवटी मध्ये पोट आल्यासारखा फुगवटा राहतो आणि तो काही केल्या जात नाही. मग लांब लांब कच्चे टाके. मग खरी शिवण. जाड सुती दोरा, मोठी सुई, मधल्या बोटात अंगुस्तान. सुईवर तीन-चार टाके गोळा करायचे आणि एकदम ओढायचे. ओढताना दोरा कापडातून सर्र असा येतो. तो आवाज माग चालू असताना येत नाही. लाईट गेल्यावरच येतो, पण लाईट गेल्यावर टाका दिसत नाही. त्यामुळं तेव्हा सुई कापडात खोचून ठेवायची आणि नुसतं बसायचं.

आईची एक हिरवी साडी आहे, तिच्या पदरावर हळदीचा डाग आहे. कितीही धुतला तरी तो तांबूस राहिलाय. ती मी वरच्या बाजूला घेतली, डाग झाकला नाही. टाके तिथं जवळ जवळ घातलेत, एवढंच.

एक अडचण मात्र खरी आहे. आता सुती साड्या मिळत नाहीत. आमच्या मागांवरही बहुतेक पॉलिस्टर. रंग टिकतो, स्वस्त पडते, इस्त्री लागत नाही, सगळं खरं. पण वाकळेला ती उपयोगाची नाही. थर एकमेकांवरून घसरतात, टाका ओढला की चुण्या पडतात, आणि अंगावर घेतली तर घाम टिपत नाही. मागवाल्यांना दोष द्यायचा नाही, गिऱ्हाईक मागेल ते ते विणणार. पण एका विणकर गल्लीत बसून सुती साडी शोधत फिरायची वेळ यावी, हे जरा विचित्रच.

जेवणाचं थोडक्यात. एका माणसाचा स्वयंपाक करायला कंटाळा येत नाही का, असं विचारतात. नाही येत. सगळ्यात छोटा कुकर आहे, त्यात मऊ भात, वर तूप, शेंगाची चटणी, ताक. येळ्ळूरचे एक खातेदार दिवाळीनंतर मला थोडा घरचा बासमती देतात. पाकिटातला लांब दाण्याचा नव्हे, इथला जुना वाण, बेळगावी. तो शिजला की वास भिंत ओलांडून शेजारी जातो आणि अक्कांना कळतं की आज मी चैन केली. जोंधळ्याची भाकरी मात्र मी रात्री करत नाही. एका भाकरीसाठी तवा तापवायचा, परात घाण करायची, हे मला पटत नाही. भाकरी चार माणसांत शोभते. याला कुणी एकटेपणाचा तोटा म्हणणार असेल तर म्हणा, मी मान्य करते.

दादाचं म्हणणं असतं, पुण्याला ये, तिकडंच रहा. माणसं चांगली आहेत, वहिनी तर माझ्यापेक्षा माझी काळजी जास्त करते. पण तिथं संध्याकाळ नावाची गोष्ट नाही. टीव्ही चालू असतो, तो कुणी बघत नसतं. पोरगी कानात बोंडं घालून, दादा फोनवर, वहिनी मला एकटं वाटू नये म्हणून माझ्याजवळ बसून सारखं काहीतरी विचारत राहणार. नऊ वाजता मी दमून झोपते. मावसबहिणीचं वेगळं. ती म्हणते, पुढची खोली पोरींना भाड्यानं दे, एवढी कॉलेजं आहेत गावात, चार पैसे येतील, सोबतही होईल. पैसे येतील हे बरोबर. पण मग सात ते नऊ कुणाला भाड्यानं गेले ते सांग म्हटलं. ती हसली, तिला वाटलं मी विनोद केला.

कुणी म्हणतं, एखादा छंद जोपास, योगा क्लासला जा, भजनी मंडळात ये. सगळं चांगलं आहे. सार्वजनिक वाचनालयाची मी सभासद आहे, १८४८ सालचं ते वाचनालय, रविवारी सकाळी जाते, पुस्तक बदलून आणते, चार ओळखीची माणसं भेटतात, बोलणंही होतं भरपूर. मी काही माणूसघाणी नाही. लोकांची एक समजूत असते की एकटी बसलेली बाई कशाची तरी वाट बघत असते. कुणाच्या फोनची, कुणी येण्याची, निदान मालिका सुरू होण्याची. मी वाट बघत नसते. हे सांगून पटत नाही.

पटतं ते फक्त शेजारच्या अक्कांना. त्यांचं घर कन्नड, माणसं नऊ, खोल्या तीन. लाईट गेली की कधीकधी त्या आमच्या पायरीवर येऊन बसतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारलं, मी मान हलवली, आणि त्या गप्प बसल्या. आत रेडिओ चालू होता, कुठलंतरी कन्नड नाटक. लाईट आली तशा उठल्या, पदर झटकला आणि गेल्या. त्यानंतर येतात त्या अशाच. तिकडं नऊ माणसांत त्यांना कुठं बसायला मिळणार? पायरी माझी असली तरी संध्याकाळ त्यांची त्यांना, माझी मला.

ऋतूप्रमाणं हे सगळं थोडं बदलतं. जूनमध्ये सातपर्यंत उजेड असतो, ढग नसले तर, त्यामुळं शिवण दारातच होते. नोव्हेंबरात सहालाच अंधारतं आणि मी घरी यायच्या आधीच संध्याकाळ अर्धी संपलेली असते, याचा मला दरवर्षी राग येतो. एप्रिल-मेमध्ये वळीव. दुपारभर उकडतं, पाचला वारं सुटतं, पत्रे वाजतात, लाईट हमखास जाते. वळवाच्या दिवशी रेडिओ मात्र नाही. प्रत्येक विजेबरोबर कडाड्कन खरखर येते, कान किटतात. शिवाय अण्णांची शिस्त होती की वीज कडाडताना रेडिओ बंद. तेव्हा नुसतं दारात उभं राहायचं आणि गल्लीतल्या पोरांना गारा वेचताना बघायचं.

सध्या तिसरी वाकळ हातात आहे. अक्कांच्या सुनेला दिवस गेलेत, बाळाला हवी म्हणून त्यांनीच सांगितलंय, मोठी नव्हे, दुपट्याएवढी. आईच्या साड्यांतली आता एकच उरली आहे आणि ती मी ठेवून घेणार आहे. तेव्हा कुणाच्या कपाटात जुन्या, मऊ, सुती साड्या पडून असतील तर कळवा. फाटक्या चालतील, डागाच्याही चालतील, पॉलिस्टर नको. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. तुम्हीच आणून देणार असाल तर रविवारी सकाळी या, चहा करते, पोटभर बोलू. संध्याकाळी सातनंतर कडी वाजवलीत तर मी उघडणार नाही.